फ्लूची लस आणि कोरोना: ३६ टक्के वाढ की ३७ टक्के घट?

प्रश्न एका उपजिल्हा रुग्णालयातल्या स्टाफ नर्सचा आहे. त्यांच्याकडे पावसाळ्याआधी सगळ्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस घ्यायला सांगितलं आहे. स्टाफच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की अमेरिकन सैन्याच्या अभ्यासात फ्लूची लस घेतलेल्यांना कोरोना होण्याचा धोका ३६ टक्क्यांनी जास्त निघाला. त्यांचे एक डॉक्टर याच्या बरोबर उलट सांगतात: हॉलंडमध्ये रुग्णालयाच्या स्टाफला त्याच लशीने कोरोनापासून ३७ टक्के संरक्षण दिलं. खरं कोणाचं? आणि वॉर्डातली एक सहकारी पाच महिन्यांची गरोदर आहे, तिने लस घ्यावी का?

सिस्टर, दोन्ही आकडे छापून आलेले आहेत, कोणी मनाने रचलेले नाहीत. पण त्यांतून काढलेला अर्थ दोन्हीकडे चुकतो. माझं मत आधीच सांगून टाकते. फ्लूच्या लशीने कोरोनाचा धोका वाढत नाही. ती कोरोनापासून वाचवते, असं धरून चालण्याइतका पुरावाही नाही. लस जरूर घ्या, पण ती फ्लूसाठी घ्या. मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे, रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचं काम बघते, आणि लसीकरणाचं परिपत्रक निघालं की हा प्रश्न हमखास येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या ग्रुपवरचा मेसेज. तो अभ्यास अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या लोकांवरचा, २०१७-१८ च्या फ्लूच्या हंगामातला. ‘व्हॅक्सिन’ नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात तो २०२० च्या सुरुवातीला आला. नेमका तेव्हाच नवा कोरोना जगभर पसरत होता. कोणाच्या तरी नजरेस पडला, आणि तिथून जो सुटला तो अजून फिरतोच आहे. आता त्यातलं साल बघा. २०१७-१८ मध्ये कोविडचा विषाणू माणसांत आलेलाच नव्हता. त्या अभ्यासातले ‘कोरोना’ म्हणजे सर्दी-पडसं करणारे जुने कोरोना विषाणू. ते तुम्हाला-मला लहानपणापासून अनेकदा होऊन गेलेत आणि त्यांची तपासणीसुद्धा कोणी करत नाही.

एवढ्यावर हा विषय संपवता आला असता. पण मग ग्रुपवरचा एखादा चौकस ब्रदर म्हणेल, घराणं तर एकच ना? जुन्या कोरोनाचं प्रमाण लशीने वाढत असेल तर नव्याचं का नाही वाढणार? प्रश्न रास्त आहे. त्यामुळे ३६ टक्के आले कुठून ते बघू.

त्या अभ्यासात सर्दी-खोकला-तापाने आजारी पडून तपासणीपर्यंत आलेल्यांचे स्वॅब होते. लस घेतलेल्यांपैकी ७.८ टक्के लोकांत जुने कोरोना सापडले, न घेतलेल्यांपैकी ५.८ टक्क्यांत. याच फरकातून, वय वगैरेचा हिशेब घालून, १.३६ हे गुणोत्तर निघालं, तेच मेसेजमधले ३६ टक्के. आता माझं एक काल्पनिक उदाहरण घ्या. लस न घेतलेल्या शंभर आजारी लोकांचे स्वॅब आले. चाळिसांना फ्लू, सहा जणांना जुना कोरोना, उरलेल्या चोपन्नांना आणखी काहीतरी. आता समजा याच लोकांनी लस घेतली असती आणि लशीने फ्लूच्या निम्म्या केसेस टाळल्या असत्या. मग वीस जण आजारीच पडले नसते, म्हणजे तपासणीलाही आले नसते. राहिले ऐंशी: वीस फ्लूचे, सहा कोरोनाचे, चोपन्न इतर. कोरोनाचं प्रमाण आधी शंभरात सहा होतं, आता ऐंशीत सहा, म्हणजे साडेसात टक्के. कोरोनाचा एकही रुग्ण वाढला नाही, टक्का मात्र वाढला. लशीने तिचं काम केलं, छेद लहान झाला आणि अपूर्णांक फुगला. खऱ्या अभ्यासातले आकडे माझ्या या पाटीवरच्या गणिताच्या किती जवळ आहेत ते बघा.

कॅनडातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. डॉक्टरांच्या देखरेख जाळ्यातून जमवलेली २०१०-११ ते २०१६-१७ या हंगामांची माहिती त्यांच्याकडे होती. तुलनेतून फ्लू-पॉझिटिव्ह लोक बाजूला काढले, आणि फ्लूची लस व जुने कोरोना यांच्यातला संबंध नाहीसा झाला. गंमत म्हणजे अमेरिकेच्या मूळ लेखातही लस घेतलेल्यांत पॅराइन्फ्लुएन्झा आणि आरएसव्ही हे विषाणू कमी सापडल्याचं लिहिलं आहे. मेसेज करणाऱ्याने त्या ओळी सोडल्या.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. एका विषाणूच्या संसर्गानंतर काही काळ दुसऱ्याला शिरकाव करणं अवघड जातं, हे खरोखर घडतं. त्यामुळे फ्लू टळला तर दुसऱ्या कोणाला वाट मोकळी होईल का, ही शंका अडाणीपणाची नाही. हाँगकाँगमध्ये ११५ मुलांवर झालेल्या एका चाचणीत लस मिळालेल्या मुलांना फ्लूव्यतिरिक्तचे श्वसनसंसर्ग जास्त झाल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. चाचणी लहान होती आणि मोठ्या अभ्यासांत तसं चित्र दिसलं नाही, पण शंका तिथून आली आहे. कोविडच्या बाबतीत ती प्रत्यक्ष तपासून झालेली आहे. २०२० च्या पहिल्या लाटेत अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने तपासणी झालेल्या १३,२२० लोकांची माहिती पाहिली. फ्लूची लस घेतलेल्यांत कोविड जास्त नव्हता आणि त्याची तीव्रताही जास्त नव्हती. मिशिगनमधल्या २७,२०१ लोकांच्या अभ्यासात तर लस घेतलेल्यांत पॉझिटिव्ह येण्याची शक्यता २४ टक्क्यांनी कमी निघाली. तेव्हा ‘वाढतो’ ही बाजू माझ्या मते निकालात निघाली.

आता तुमच्या डॉक्टरांची बाजू. ही जास्त मोहात पाडणारी आहे, कारण ती आपल्याला हवी तशी आहे.

नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या राडबाउड विद्यापीठाच्या रुग्णालयाने आपल्याच कर्मचाऱ्यांची नोंद तपासली. फ्लूची लस घेतलेल्या कर्मचाऱ्यांत पहिल्या लाटेत कोविडचं प्रमाण ३७ टक्क्यांनी आणि दुसऱ्या लाटेत ४९ टक्क्यांनी कमी निघालं. याच गटातले मिहाई नेतेआ हे ‘ट्रेन्ड इम्युनिटी’ या कल्पनेवर बरीच वर्षं काम करत आहेत. शरीरात आधीपासून असलेली, कोणत्याही जंतूवर धावून जाणारी पहिली फळी एखाद्या लशीने काही महिने जास्त सतर्क राहते, असं ती कल्पना सांगते. लस घेतलेल्यांचं रक्त प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा तसे बदल दिसलेही. कतारमध्येही, कोविडची लस यायच्या आधी, १७ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात हमद मेडिकल कॉर्पोरेशनच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. तिथे फ्लूच्या लशीमुळे कोविडच्या संसर्गात २९.७ टक्के घट निघाली, आणि गंभीर कोविडमध्ये तर ८८.९ टक्के.

८८.९ वाचून हुरळायचं नाही. त्या आकड्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा ४.१ ते ९८.७ आहे. म्हणजे खरा फायदा चार टक्के असू शकतो किंवा जवळजवळ पूर्ण असू शकतो. गंभीर रुग्ण मुळातच मोजके होते. असा आकडा भिंतीवरच्या पोस्टरवर छापायचा नसतो.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे, आणि ती समजायला हॉलंड-कतारला जायला नको. आपल्याच रुग्णालयात लस कोण घेतं ते बघा.

शिबिर लागतं ओपीडीच्या बाजूच्या खोलीत, सकाळी दहा ते एक. टेबलावर रजिस्टर, व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये आइसपॅक, एक इंटर्न आणि इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर. पहिल्या तासात निवासी डॉक्टर येतात, लॅबची मंडळी येतात, मेट्रन दोघी-चौघींना धाडतात. प्रशासनातले लोक चहाला जाताना घेऊन जातात. आता कंत्राटी सफाई कामगार. त्यांची पाळी पहाटे सुरू होते, दुपारी ते ठेकेदाराच्या हजेरीसाठी दुसऱ्या इमारतीत असतात, आणि त्यांची नावं बहुतेक वेळा यादीतच नसतात, कारण यादी आस्थापना विभागाच्या पगारपत्रकावरून केलेली असते. रात्रपाळीच्या मावशी सकाळी आठला हँडओव्हर झाला की पहिली लोकल किंवा एसटी गाठतात. सुईसाठी दोन तास कोण थांबणार, घरी पोरांचा डबा व्हायचा असतो. लॉन्ड्री, किचन, अँब्युलन्सचे चालक, शवागारातले मामा, यांचंही तेच. दुपारी रजिस्टर बंद होतं तेव्हा त्यातली पानं पदांच्या उतरंडीप्रमाणे भरलेली असतात. वर गर्दी, खाली मोकळं.

आता यांतले कोण कुठे राहतात ते आठवा. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्तातल्या प्रतिपिंडांचं सर्वेक्षण झालं. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं होतं. झोपडपट्टीच्या वस्त्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, बाकीच्या घरांमध्ये सुमारे १६ टक्के. हे सर्वेक्षण सर्वसाधारण नागरिकांचं होतं, आरोग्य कर्मचाऱ्यांचं नव्हे. पण आपला कर्मचारी आठ तास रुग्णालयात असतो आणि सोळा तास घरी, सार्वजनिक नळावर, शेअर रिक्षात.

हे दोन आकडे घेऊन एक हिशेब मांडते. समजा एका रुग्णालयात हजार कर्मचारी. पाचशे सोसायटीत राहणारे, पाचशे वस्तीत. सोसायटीतल्यांपैकी ६० टक्क्यांनी फ्लूची लस घेतली, वस्तीतल्यांपैकी २० टक्क्यांनी. आणि असं धरा की लशीचा कोरोनावर काडीचाही परिणाम होत नाही. सोसायटीत १६ टक्के, वस्तीत ५७ टक्के, लस घेतलेली असो वा नसो.

लस घेतलेले झाले चारशे: सोसायटीतले तीनशे, वस्तीतले शंभर. त्यांत कोरोना झालेले ४८ अधिक ५७, म्हणजे १०५. प्रमाण २६ टक्के. लस न घेतलेले सहाशे: सोसायटीतले दोनशे, वस्तीतले चारशे. त्यांत ३२ अधिक २२८, म्हणजे २६०. प्रमाण ४३ टक्के. आता राहण्याची जागा विसरून नुसती लस घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची तुलना करा. लशीमुळे कोरोना ३९ टक्क्यांनी कमी! काहीही न करणाऱ्या लशीला ३९ टक्के यश मिळालं.

हॉलंडचे ३७ टक्के असेच आले, असं मी म्हणत नाही. तिथली घरं वेगळी, माणसं वेगळी. पण तिथेही लस ऐच्छिक होती. लस घेणारा माणूस मास्क नीट लावतो का, हात धुतो का, लग्नसमारंभ टाळतो का, लक्षणं दिसल्यावर तपासणी करून घेतो का, या सगळ्यात तो न घेणाऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो, आणि यातलं बरंचसं कुठल्याही रजिस्टरमध्ये नसतं. असा फसवा फायदा किती मोठा दिसू शकतो याचं एक जुनं उदाहरण सिएटलचं आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात फ्लूची लस घेतलेल्या वृद्धांचे मृत्यू न घेतलेल्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी कमी निघाले, आणि तेही फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधी! हवेत फ्लू नसताना लस कोणाला फ्लूच्या मृत्यूपासून कशी वाचवेल? झालं होतं ते एवढंच, की अगदी थकलेले, अंथरुणाला खिळलेले वृद्ध लस घ्यायला पोचलेच नव्हते.

यातून सुटायचा रस्ता एकच. लस कोणाला द्यायची हे माणसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकून ठरवायचं. फ्लूच्या लशीने कोविड टळतो का, याचं उत्तर देणारी तशी मोठी चाचणी माझ्यासमोर नाही. पण तिच्या चुलत बहिणीची आहे, ती म्हणजे बीसीजी, क्षयरोगाची लस. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे सगळीकडे बोललं जात होतं ते आठवत असेल: भारतात प्रत्येकाच्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे, म्हणून आपल्याला कोरोना फारसा होणार नाही. त्या कल्पनेमागेही ट्रेन्ड इम्युनिटीच होती, आणि देशादेशांची तुलना करणारे आलेख भराभर निघत होते. मग मेलबर्नच्या मर्डोक बालसंशोधन संस्थेने ‘ब्रेस’ नावाची चाचणी केली. ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, स्पेन, ब्रिटन आणि ब्राझील या पाच देशांतल्या ३,९८८ आरोग्य कर्मचाऱ्यांना चिठ्ठी टाकून बीसीजी किंवा नुसतं सलाइनचं इंजेक्शन दिलं. निकाल २०२३ मध्ये आला. सहा महिन्यांत लक्षणांसह कोविड झालेले बीसीजी गटात १४.७ टक्के, सलाइन गटात १२.३ टक्के. संरक्षण नाही. रक्ताच्या तपासणीत पहिली फळी सतर्क दिसणं वेगळं आणि माणूस आजारी न पडणं वेगळं.

म्हणून फ्लूच्या लशीच्या ३७ टक्क्यांवर मी भरवसा ठेवत नाही. थोडाफार परिणाम असेलही. असला तर नफा समजा, पण त्याच्या जिवावर एन-९५ खाली घेऊ नका. हे मुद्दाम लिहिते, कारण लस घेतल्यानंतर कॅज्युअल्टीत साधा सर्जिकल मास्क नाकाखाली लावून फिरणारी मंडळी दरवर्षी दिसतात, आणि त्यांत ज्येष्ठही असतात.

शिवाय आता तो प्रश्नच शिळा झाला आहे. ती सगळी आकडेवारी अशा काळातली आहे की कोणाच्याही शरीराला नवा कोरोना ठाऊक नव्हता. आज आपल्यातल्या प्रत्येकाला कोविड होऊन गेला आहे किंवा त्याची लस मिळाली आहे, बहुतेकांचं दोन्ही झालं आहे. त्या परिस्थितीत फ्लूच्या लशीचा कोविडवर जो काही अप्रत्यक्ष परिणाम असेल तो शोधायला दुर्बीण लागेल.

कोणी विचारेल, की हे सगळं बाजूला ठेवलं तर फ्लूसाठी तरी ती चालते का? चालते, पण दरवर्षी सारखी नाही. लशीतले प्रकार आणि त्या वर्षी फिरणारे प्रकार जुळले तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टळतो, नाही जुळले तर त्याहून कमी. खास आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेली बाल्टिमोरची चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन हंगामांत इन्फ्लुएन्झा ए साठी ८८ टक्के आणि बी साठी ८९ टक्के परिणामकारकता निघाली. पण ती तरुण, तब्येतीने धडधाकट माणसं होती आणि मोजमाप रक्ताच्या तपासणीवरून होतं, त्यामुळे दरवर्षी तेवढी अपेक्षा धरू नये. याच्या अगदी विरुद्ध टोकाला, २०२४-२५ च्या हंगामात त्याच क्लीव्हलँड क्लिनिकच्या सुमारे ५३ हजार कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून असं दिसलं की लस घेतलेल्यांत फ्लूचं निदान २७ टक्क्यांनी जास्त झालं. तोही लेख सहकारी तज्ज्ञांच्या तपासणीआधीच जगभर फिरला. वर हॉलंडच्या अभ्यासाला लावली तीच कसोटी मी त्यालाही लावते. लस घेतलेले आणि न घेतलेले मुळात सारखे होते का, आणि बारीक ताप आल्यावर तपासणी कोण करून घेतं? आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षाला एक न्याय आणि न आवडणाऱ्याला दुसरा, असं करता येत नाही.

महाराष्ट्राला फ्लू हलक्यात घेता येणार नाही हे पुणेकरांना सांगायला नको. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि नायडू रुग्णालयाबाहेरच्या त्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेलं सगळं शहर, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हाचा एच१एन१ कुठेही गेलेला नाही, तो आता दरवर्षीचाच फ्लू झाला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्या दुसऱ्या प्रकाराने डोकं वर काढलं होतं. आपण आरोग्य कर्मचारी त्यात दोन प्रकारे सापडतो. एक तर रुग्णाच्या तोंडासमोर आपण असतो. दुसरं म्हणजे आपण आजारी असूनही कामावर येतो. रजा शिल्लक नसते, बदली मिळत नाही, कंत्राटी असेल तर दिवसाचा पगार जातो. पॅरासिटामॉल घेऊन ड्युटी केली, याचं आपल्याकडे कौतुकसुद्धा होतं. ती ड्युटी डायलिसिसला किंवा नवजात बालकांच्या कक्षात असेल तर काय होऊ शकतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कर्मचाऱ्यांना लस दिल्याने रुग्णांचे मृत्यू किती कमी होतात, याचा पुरावा मात्र मला हवा तितका भक्कम नाही. तुमचा स्वतःचा बचाव हे कारण पुरेसं आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि हिवाळ्याच्या शेवटी एक लहान उचल येते. म्हणून लस एप्रिल-मे मध्ये, फार तर जूनच्या सुरुवातीला घ्यावी, कारण संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो, तो वाचा. मे महिन्यात आपल्याला दक्षिण गोलार्धाची, चालू वर्षाची लस हवी. मागच्या हिवाळ्यातली उत्तर गोलार्धाची शिल्लक कोणी स्वस्तात खपवत असेल तर भांडार विभागाशी भांडायला माझी परवानगी समजा. चार प्रकारांऐवजी तीन प्रकारांची लस आली म्हणून तक्रार करू नका. बी/यामागाता नावाचा फ्लूचा जो प्रकार चौथा म्हणून असायचा, तो मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही. कोविडच्या टाळेबंदीत तो नाहीसा झाला असावा, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेच तो वगळायला सांगितलं आहे.

कोविडची लस आणि फ्लूची लस एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत घेता येते. ब्रिटनमध्ये ६७९ जणांवर तशी चाचणी झाली आहे, त्यात सुरक्षिततेचा प्रश्न आला नाही. फ्लूच्या लशीमुळे कोविडची आरटीपीसीआर किंवा अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. सध्या कोविड झाला असेल, ताप असेल, तर बरं होऊन मग घ्या. अंड्याची अ‍ॅलर्जी हे आता अडचणीचं कारण मानलं जात नाही. मागच्या डोसला जीवावर बेतणारी अ‍ॅलर्जी झाली असेल, किंवा डोसनंतर सहा आठवड्यांत गिलन-बारे (हातापायांतली ताकद जाणारा नसांचा आजार) झाला असेल, तर आधी फिजिशियनशी बोला.

‘लस घेतली आणि चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आलो’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि अफवेला खतपाणी तिथूनच मिळतं. शिबिर भरतं तेव्हा पडसं-तापाची साथ बहुधा सुरू झालेलीच असते. दोन-चारशे लोकांना एकाच आठवड्यात सुई टोचली, तर त्यातले काही जण पुढच्या आठवड्यात आजारी पडणारच, सुई टोचली नसती तरी पडले असते. ही निष्क्रिय लस आहे, तिच्यात जिवंत विषाणू नाही. तिच्याने फ्लू होत नाही, आणि कोरोनाचा तर त्यात अंशही नाही.

पण यातून एक नियम मी आमच्याकडे कडकपणे पाळायला लावते. तुम्हीही मेट्रनच्या कानावर घाला. लशीनंतर पहिले एक-दोन दिवस दंड दुखणं, अंग मोडून येणं, बारीक कणकण, हे लशीचं समजायला हरकत नाही. नाक वाहणं, घसा धरणं, खोकला, वास जाणं, यातलं काहीही लशीने होत नाही. असलं लक्षण दिसलं तर ‘इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन असेल’ म्हणून वॉर्डात यायचं नाही. स्वॅब द्यायचा आणि घरी थांबायचं. मोठ्या लसीकरणानंतरच्या आठवड्यात खरे फ्लू आणि कोविड याच सबबीखाली लपून राहतात.

आणि शिबिराच्या वेळा बदलून घ्या. सकाळी पावणेआठला, रात्रपाळी सुटायच्या आत, वॉर्डावरच लस न्या. दुपारी दोनला पाळी बदलताना एकदा. यादी पगारपत्रकावरून न करता गेटवरच्या हजेरीवरून करा, म्हणजे ठेकेदाराची माणसं, सुरक्षारक्षक, कॅन्टीनची पोरं सगळी त्यात येतील. राज्याने २०१५ च्या साथीनंतर जोखमीच्या गटांना मोफत लस द्यायला सुरुवात केली. त्यात गर्भवती, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी येतात. तेव्हा मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयामार्फत वेळेवर, म्हणजे मार्चमध्येच जायला हवी. खासगीत हीच लस हजार-दोन हजारांच्या घरात पडते, आणि सफाई कामगाराने ती स्वतःच्या खिशातून घ्यावी अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

तुमच्या गरोदर सहकारीबद्दल: तिने घ्यावी, आणि वॉर्डातल्या सगळ्यांच्या आधी घ्यावी. गरोदरपणात फ्लू फुप्फुसात उतरण्याची भीती जास्त असते, २००९ मध्ये आपण ते पाहिलं आहे. निष्क्रिय लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात चालते. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत देतात, तेव्हा पाचव्या महिन्यात काहीच अडचण नाही. नाकात मारायची जिवंत विषाणूची लस मात्र तिला नको. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याला उपयोगी पडतात. सहा महिन्यांच्या आत बाळाला स्वतःला ही लस देता येत नाही, त्यामुळे तेवढ्या काळासाठी त्याच्याकडे आईकडून मिळालेलं हेच एक संरक्षण असतं. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवून तिच्या कार्डावर तारीख आणि बॅच नंबर लिहून घ्या.